एक भिंत, दोन भाडी

लीड्समध्ये मी तीन वर्षं ज्या घरात राहिलो ते मुळात कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, १९५० च्या दशकात बांधलेलं. लाल विटांचं जोडघर, मधे एक भिंत, अलीकडे आम्ही तिघं भाडेकरू आणि पलीकडे एक आजी, तेव्हा ७७ वर्षांच्या, १९५७ साली लग्नानंतर वर्षभरात त्या घरात आल्या त्या तिथेच राहिल्या. दोन्ही घरं एकाच नकाशावरची, तेवढंच किचन, तसाच जिना, आणि आमचं भाडं मात्र आजींच्या दुपटीहून जास्त. कारण त्या अजूनही कौन्सिलच्या भाडेकरू होत्या, आणि आमचं घर ऐंशीच्या दशकात विकलं गेलं होतं आणि मग दोन-तीन हात बदलून एका खासगी मालकाकडे आलं होतं.

युद्धानंतरच्या ब्रिटनचा विषय निघाला की मला पहिल्यांदा ती भिंत आठवते. आणि दुसरी आठवते ती एक गोष्ट, जी आपल्याकडच्या पुरोगामी मित्रांकडून मी किती वेळा ऐकली असेल. १९४५ ला तिथल्या कामगारांनी चर्चिलसारख्या माणसाला घरी बसवून मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिलं, दवाखाने मोफत झाले, खाणी आणि रेल्वे सरकारी झाल्या, मग टीव्ही आला, फ्रीज आला, पॉप गाणी आली, लोक चंगळवादी झाले, लढणं विसरले आणि शेवटी थॅचरबाई आल्या. म्हणजे टीव्हीच्या डब्यानं समाजवाद खाल्ला. ऐकायला बरं वाटतं, आणि आपल्याकडे चंगळवाद हा शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करायची गरजच राहत नाही.

मला ही मांडणी पार चुकीची वाटते. लोकांनी खरेदी केली म्हणून तिथलं राजकारण मेलं नाही. खरेदी करायची ऐपत ज्या सार्वजनिक पायावर उभी होती तो पाया नंतर मोडून विकला गेला, आणि विकणाऱ्यांना ते इतकं सहज जमलं याचं एक मोठं कारण म्हणजे डाव्या मंडळींनी त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं लोकांच्या हौसेला नाकं मुरडण्यात घालवली.

सुरुवात रेशनपासून करावी लागते, कारण ते दिवस समजल्याशिवाय नंतरचं काहीच समजत नाही. आपल्याला वाटतं युद्ध संपलं की टंचाई संपली असेल. उलट झालं. युद्धाच्या सगळ्या वर्षांत कधीही रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर गेला आणि दोन वर्षं तसाच राहिला. त्यात १९४७ चा तो भयंकर हिवाळा, खाणी १ जानेवारीला सरकारी झाल्या आणि लगेच कोळसा पोचेना, वीज बंद, कारखाने बंद. चहा आठवड्याला माणशी जेमतेम ५०-६० ग्रॅम. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन एप्रिल १९४९ मध्ये उठवलं तर लोकांची अशी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये परत लावावं लागलं, ते शेवटी उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. मटणाचं रेशन जुलै १९५४ ला संपलं, म्हणजे युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी! आजी सांगायच्या की गोळ्या मोकळ्या झाल्या तेव्हा त्या १९ वर्षांच्या, बर्टनच्या सूट शिवायच्या कारखान्यात कामाला होत्या, आणि त्या संध्याकाळी कारखान्यातून सुटलेल्या मोठ्या मोठ्या बायका दुकानासमोर लहान मुलांच्या रांगेत उभ्या होत्या.

हे सगळं सरकारचा नाठाळपणा म्हणून झालं नव्हतं, ते मान्यच करायला हवं. देश कर्जात बुडालेला. अमेरिकेकडून १९४६ ला पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज काढलं होतं. भारताचंही देणं होतं, युद्धात इथून जो माल आणि माणसं गेली त्याचे एक अब्ज पौंडांहून जास्त पैसे लंडनमध्ये आपल्या नावावर जमा होते पण आपल्याला हवे तसे काढता येत नव्हते. तिथल्या कल्याणकारी राज्याचं कौतुक करताना आपण हे विसरू नये असं मला फार वाटतं, बंगालच्या दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाचे पैसे तिकडे अडकून पडले होते.

तरी रांगेत ताटकळत कोण उभं होतं? बायका. मंत्री नाही, युनियनचे पुढारी नाहीत. आणि त्या बायका बोलायला लागल्या, ब्रिटिश हाउसवाइव्ज लीगसारख्या संघटना निघाल्या, तेव्हा मजूर पक्षाला त्यात फक्त विरोधकांचा डाव दिसला. डाव नव्हताच असं मी म्हणणार नाही, हुजूर पक्षानं, म्हणजे चर्चिलच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं, त्या संतापावर आपली पोळी भाजून घेतलीच. पण संताप खरा होता. डग्लस जे नावाचे मजूर पक्षाचे एक नेते, युद्धाआधीच त्यांनी लिहून ठेवलं होतं की आहार आणि आरोग्याच्या बाबतीत लोकांच्या हिताचं काय ते लोकांपेक्षा व्हाइटहॉलमधल्या, म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या, साहेबालाच जास्त कळतं. ते वाक्य विरोधकांनी पुढे आयुष्यभर त्यांच्या गळ्यात बांधलं. १९५१ च्या निवडणुकीत गंमत बघा, मजूर पक्षाला मतं हुजूर पक्षापेक्षा जास्त पडली, जवळजवळ १ कोटी ४० लाख, तरी जागा कमी आल्या आणि सत्ता गेली. बायकांमध्ये हुजूर पक्षाची आघाडी होती. ज्या सरकारनं त्यांना मोफत डॉक्टर दिला त्याच सरकारवर त्या नाराज होत्या, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

आता आजींच्या घराकडे येतो. लग्नाआधी त्या हन्सलेटमध्ये, लीड्सच्या जुन्या गिरणी-कारखान्यांच्या भागात, बॅक-टू-बॅक घरात राहायच्या. म्हणजे घराच्या तीन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती आणि फक्त पुढून दार-खिडकी, संडास बाहेर आणि तोही चार घरांत एक. सोमवार धुण्याचा. हंड्यात कपडे उकळायचे, मग मँगलच्या दोन रुळांमधून हातानं फिरवून पिळायचे, मग रस्त्यावर या घरापासून समोरच्या घरापर्यंत दोऱ्या बांधून वाळत घालायचे, आणि गल्लीत कोळशाची गाडी शिरली की सगळ्यांनी धावत जाऊन दोऱ्या वर करायच्या. आईचे हात सोमवारी रात्री सुजलेले असायचे असं त्या सांगायच्या, आणि ते सांगताना स्वतःचे हात टेबलावर पालथे ठेवायच्या. १९५७ ला कौन्सिलचं घर मिळालं, तीन खोल्या, मागे परसू, नळाला गरम पाणी आणि घरात टब. पहिल्या रात्री त्या आणि त्यांचा नवरा दोघांनी प्रत्येकी दोनदा आंघोळ केली. गरज नव्हती. पाणी गरम येतंय ना, मग करूया परत.

वॉशिंग मशीन आलं १९६० ला, हप्त्यावर. दर शुक्रवारी माणूस दारावर यायचा आणि कार्डावर सही करून जायचा. ते कार्ड त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं होतं, मला दाखवलं होतं, फिकट निळं, रकाने आखलेले, शेवटच्या ओळीपुढे शाईनं काढलेली जाड रेघ. या बाईला चंगळवादी म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. त्या मशीननं सोमवार परत दिला. आता कुणी म्हणेल वॉशिंग मशीनचं ठीक आहे पण टीव्ही, रेकॉर्ड प्लेअर, लिपस्टिक, टोकदार बूट यांचं काय. मी म्हणतो त्यांचंही तेच. दिवसभर सूटच्या बाह्या शिवणाऱ्या पोरीला शनिवारी रात्री नटून नाचायला जावंसं वाटलं तर त्यात हिशोब मागणारे आपण कोण?

पण हिशोब मागितले गेले, आणि मागणारे वाईट लोक नव्हते, हेच मला जास्त लागतं. अनायरिन बेव्हन हा माणूस मला त्या सगळ्या पिढीत सगळ्यात मोठा वाटतो. वेल्सच्या खाणीत पोरवयात कामाला गेलेला, त्यानं ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा, उभी करून दाखवली, आणि तीन वर्षांतच चष्मे आणि कवळ्यांवर पैसे लावायची वेळ आली तेव्हा मंत्रिपद सोडलं. असा माणूस. १९५९ ला मजूर पक्ष लागोपाठ तिसऱ्यांदा हरला, हुजूर पक्षाला १०० जागांचं बहुमत मिळालं, आणि त्यानंतर ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात बेव्हन बोलले. ते त्यांचं शेवटचं मोठं भाषण, वर्षभरात ते गेले. या सुबत्तेच्या समाजाला ते कुरूप म्हणाले, सवंग म्हणाले, दिखाऊ म्हणाले आणि याचे प्राधान्यक्रम सगळे चुकलेत असंही म्हणाले. शेवटचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, दुकानं झगमगत होती आणि कित्येक शाळा-हॉस्पिटलं अजून व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इमारतींत चालली होती. पण त्याआधीची विशेषणं ज्यांच्या कानावर गेली असतील ते लोक कोण होते? आजींसारखेच. नुकताच टीव्ही घेतलेले. पहिल्यांदाच आयुष्यात काहीतरी आपल्या पसंतीचं घेतलेले.

हुजूर पक्षाचे पंतप्रधान मॅकमिलन जास्त हुशार निघाले. जुलै १९५७ मध्ये बेडफर्डला त्यांनी ते प्रसिद्ध वाक्य टाकलं की आपल्यातल्या बहुतेकांचे इतके चांगले दिवस कधीच नव्हते. खरं म्हणजे त्या भाषणात ते महागाईचा इशारा देत होते, हे टिकेल का अशी काळजी होती त्यात, पण लोकांनी उचललं ते पहिलं वाक्य आणि पक्षानं ते उचलू दिलं. १९५८ ला हप्त्यांवरची बंधनं सैल केली, कारण आधी किती पैसे भरायचे आणि किती महिन्यांत फेडायचे हे तेव्हा सरकारच ठरवायचं, आणि वर्षभरात निवडणूक घेतली. हुजूर पक्षासोबत आयुष्य बरं आहे, मजूर पक्षाला ते बिघडवू देऊ नका, अशी पोस्टरं लागली. सरळ सरळ फ्रीज दाखवून मतं मागितली.

आणि त्या चांगल्या दिवसांमागे काय होतं? बेकारी दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नोकरी सुटली तर दुसऱ्या गल्लीत मिळायची. कौन्सिलची घरं, एकट्या १९५३ सालात सरकारी-खासगी मिळून तीन लाखांहून जास्त घरं बांधली गेली आणि बांधणारे गृहनिर्माण मंत्री होते हेच मॅकमिलन. आजारपणात खिशाला फारसा हात लावावा लागत नव्हता. पोरांची शाळा फुकट. म्हणजे आठवड्याच्या पगारातून जे चार पैसे उरत होते आणि ज्यावर हप्ते बसत होते ते उरत होते कारण भाडं कमी, डॉक्टर मोफत, नोकरी पक्की. वॉशिंग मशीन कौन्सिलच्या फरशीवर उभं होतं हो! ही एवढी गोष्ट मजूर पक्षाला दर निवडणुकीत ओरडून सांगता आली असती, हे तुमचं मशीन आमच्या जमिनीवर उभं आहे म्हणून. त्यांनी सांगितलं काय, तर टीव्हीनं तुमची अभिरुची बिघडतेय.

टीव्हीचाच किस्सा घ्या. १९५३ ला राणीचा राज्याभिषेक २ कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला, तेव्हा देशात संच होते २५-३० लाखांच्या आसपास, म्हणजे अख्खी गल्ली एकेका घरात कोंबलेली. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही सुरू झालं, पहिली जाहिरात टूथपेस्टची, आणि थोरामोठ्यांनी संस्कृती बुडाली म्हणून टाहो फोडला. तेव्हा संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा, आयांनी मुलांना झोपवावं म्हणून. सरकारी खात्यानं ठरवलं होतं! १९५७ ला तो नियम गेला. मला जाहिरातींचं प्रेम नाही, पण लोकांना झोपायची वेळ सांगणाऱ्या व्यवस्थेपासून लोक पळाले तर दोष जाहिरातीला देऊन भागत नाही.

डाव्यांमध्ये हे ओळखणारं कुणीच नव्हतं असंही नाही. मायकेल यंग नावाचा माणूस, १९४५ चा मजूर पक्षाचा जाहीरनामा लिहिण्यात मुख्य हात याचाच, त्यानं १९५७ ला लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये एका गॅरेजात ग्राहकांची संघटना सुरू केली आणि मासिक काढलं, विजेच्या किटल्या स्वतः तपासून कुठली घ्यावी आणि कुठली धोकादायक ते छापायचे, एकही जाहिरात न घेता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ग्राहक म्हणून माणूस एकटा असतो, फसवला जातो, तर त्याला संघटित करा, त्याच्या किटलीला राजकारणाचा विषय करा. हा रस्ता पक्षानं आपला मुख्य रस्ता मानला असता तर पुढचं चित्र वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं.

बरं, लोक टीव्हीसमोर बसून लढणं विसरले का? आकडे बघा. १९४८ ला कामगार संघटनांचे सभासद ९० लाखांच्या थोडे वर होते, १९७९ ला १ कोटी ३० लाखांच्या वर गेले. म्हणजे ज्या तीस वर्षांत घराघरात फ्रीज आणि टीव्ही शिरले त्याच तीस वर्षांत युनियन फुगत गेली. ल्यूटनच्या मोटार कारखान्यातल्या चांगल्या पगाराच्या कामगारांचा अभ्यासकांनी साठच्या दशकात बारकाईनं अभ्यास केला, तर बहुसंख्य मजूर पक्षालाच मत देत होते. १९६८ ला डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात सीट कव्हर शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या आणि दोन वर्षांत समान वेतनाचा कायदा झाला. आणि फेब्रुवारी १९७० मध्ये खुद्द लीड्सच्या शिवणकाम कारखान्यांतल्या बायका बाहेर पडल्या, युनियनच्या पुढाऱ्यांनी बायकांना पुरुषांपेक्षा कमी वाढ कबूल करून ठेवली होती, ती झुगारून सगळ्यांना तासाला एक शिलिंग पाहिजे म्हणत या कारखान्यातून त्या कारखान्यात मोर्चे नेत हजारो जणी रस्त्यावर आल्या. आजी त्यात होत्या. मी विचारलं भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, घरी दोन हप्ते थकलेले होते, घाबरून कसं चालेल, म्हणून तर गेले. म्हणजे हप्त्यानं त्यांना गप्प बसवलं नाही, उलट शिलिंग मागायला रस्त्यावर काढलं.

पॉप संगीताची गोष्टही अशीच, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. बीटल्स म्हणजे लिव्हरपूलची चार पोरं, प्रतिभा, नशीब, झालं. पण त्यांच्यातल्या जॉन लेननचा जन्म १९४० चा, सक्तीची लष्करी सेवा १९६० ला बंद झाली आणि त्याच्या वयाच्या पोरांची दोन वर्षं वाचली. शाळेत मार्क नसलेला हा पोरगा आर्ट कॉलेजात गेला. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, द हूचा पीट टाउनशेंड, किंक्सचा रे डेव्हिस, सगळे आर्ट कॉलेजातून आलेले, जिथे सरकारी खर्चानं दोन-तीन वर्षं रेंगाळता यायचं, बँड काढता यायचा. आणि दुसरीकडे गिटारी घेतलेल्या हप्त्यावर, बीटल्सचे वाद्यांचे थकलेले हप्ते नंतर त्यांच्या मॅनेजरनं, ब्रायन एपस्टीननं, फेडले. रेकॉर्ड विकत घेणारी पोरं पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेली, खिशात स्वतःचा पगार. सरकारी अनुदान आणि बाजार दोन्ही मिळून ते संगीत झालं. यातलं एक काढलं असतं तर झालंच नसतं. हॉगार्टसारखा समीक्षक, तोही हन्सलेटमध्येच वाढलेला, मिल्क बारमध्ये, म्हणजे दूध-कॉफीच्या दुकानात, गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सभोवती उभ्या पोरांकडे बघून हळहळला, त्याचं प्रेम खरं होतं आणि त्यानंच १९६४ ला बर्मिंगहॅमला अशा संस्कृतीचा अभ्यास करणारं केंद्र काढलं, पण त्या पोरांना त्यानं आतून पाहिलं नाही असं मला वाटतं.

आता ज्यांना हे चांगले दिवस मिळालेच नाहीत त्यांच्याबद्दल, कारण इथे माझ्याच मांडणीला मोठं भोक आहे आणि ते मी झाकणार नाही. १९४८ ला विंडरश बोटीतून जमेकाची माणसं उतरली, मग आपल्याकडून पंजाबी, गुजराती आले, यॉर्कशरच्या गिरण्यांत रात्रपाळीला पाकिस्तानातून आणि भारतातून आलेली माणसं, एनएचएसच्या हॉस्पिटलांत साठच्या दशकापासून आपल्या मेडिकल कॉलेजांतून शिकलेले डॉक्टर. सुबत्ता यांच्या पाठीवरून चालली. पण कौन्सिलच्या घरासाठी कित्येक ठिकाणी काही वर्षं त्या गावात राहिल्याची अट, म्हणजे नवा आलेला माणूस आपोआप बाहेर. खासगी घरांच्या खिडक्यांत काळ्यांना जागा नाही अशा पाट्या. १९५८ ला लंडनच्या नॉटिंग हिलला दंगल. ज्या पोरांच्या ओठांवर काळ्या लोकांचं संगीत होतं त्यांच्यातलेच काही काळ्या माणसाला रस्त्यावर गाठून मारत होते. म्हणजे सार्वजनिक पाया सगळ्यांचा नव्हता, आणि पुढे तो विकला जाताना वाचवायला सगळे आले नाहीत यात नवल नाही.

यातली एक घटना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक नावाची फोटो धुणारी कंपनी होती. लोक सुट्टीला समुद्रावर जायचे, पोराबाळांचे रंगीत फोटो काढायचे, रोल आणि पैसे पाकिटात घालून पोस्टानं पाठवायचे आणि धुतलेले फोटो पोस्टानं परत यायचे. सुबत्तेचं याहून नेमकं चित्र काय असणार? आणि आत ते रोल हाताळणाऱ्या बहुतेक बायका गुजराती, पूर्व आफ्रिकेतून उखडून आलेल्या. सक्तीचा ओव्हरटाइम, कमी पगार, संडासला जायचं तर परवानगी. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई, उंचीनं पाच फुटांच्याही आत, मॅनेजरला हा कारखाना नाही प्राणिसंग्रहालय आहे आणि इथे नाचणाऱ्या माकडांसारखे सिंहही आहेत असं सुनावून बाहेर पडल्या. जवळजवळ दोन वर्षं संप चालला. क्रिकलवुडच्या पोस्टमननी कंपनीची पाकिटं उचलायचं नाकारलं. १९७७ च्या जुलैत खाणकामगारांसकट हजारो लोक, बहुतेक गोरे पुरुष, साडी नेसलेल्या बाईच्या मागे उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी याच युनियन आशियाई कामगारांकडे कानाडोळा करायच्या. संप हरला, कोर्टात हरला, आणि युनियनच्या वरच्या पुढाऱ्यांनी शेवटी हात आखडता घेतला. पण त्या वर्षी जे जुळत होतं, फोटो काढणारा, फोटो वाहणारा आणि फोटो धुणारी एका बाजूला येत होते, ते जुळू दिलं असतं तर!

ते जुळायच्या आत १९७९ आलं, हुजूर पक्षाच्या थॅचरबाई पंतप्रधान झाल्या. थॅचरबाई किराणा दुकानदाराची मुलगी, माणसाला स्वतःचं काहीतरी हवं असतं हे त्यांना पाठ होतं. १९८० च्या कायद्यानं कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला, बाजारभावाच्या ३३ ते ५० टक्के सवलतीत. त्या दशकात दहा लाखांहून जास्त घरं गेली. इथे मला एका बारीक गोष्टीवर बोट ठेवायचंय. कौन्सिलच्या घराचं दार रंगवायचं तर कौन्सिलच रंगवणार, आख्ख्या रस्त्याला एकच रंग. आमच्या वस्तीत हिरवा होता म्हणे. घर विकत घेतलेल्या माणसानं पहिलं काम काय केलं तर दाराचा रंग बदलला. आजींनी सांगितलं की आमच्या घराचं दार तेव्हा पिवळं झालं आणि त्यांना त्याचा हेवा वाटला, घराचा नाही, दाराचा. मजूर पक्षाच्या ताब्यातल्या कौन्सिलांनी तीस वर्षांत लोकांना दाराचा रंग निवडू दिला नाही. त्यासाठी घर विकायची काहीच गरज नव्हती, एक ठराव पुरला असता. रंग निवडायची ती साधी हौस सांभाळली नाही म्हणून तिच्याबरोबर विटा गेल्या, जमीन गेली, सगळंच गेलं.

आणि विकून आलेल्या पैशातून कौन्सिलांना नवी घरं बांधायला सरकारनं मोकळीक दिली नाही. जानेवारी १९८२ ला बेकारी तीस लाखांवर, त्याच वर्षी हप्त्यांवरची उरलेली बंधनं काढली. म्हणजे पक्की नोकरी गेली, स्वस्त भाडं जायला लागलं आणि त्या जागी कर्ज आलं. आजींच्या निळ्या कार्डाला शेवटची ओळ होती, तिच्यापुढे जाड रेघ मारता येत होती. त्यांच्या नातवाच्या क्रेडिट कार्डाला शेवटची ओळ नाही. दोन्हीला आपण एकच चंगळवाद हे नाव देतो, आणि तिथेच आपली फसगत होते. पहिल्यात माणूस वस्तू घेत होता कारण बाकीची काळजी मिटली होती. दुसऱ्यात भाडं आणि वीजबिल भरायलाच कार्ड लागतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत आमच्या घराचा बॉयलर बंद पडला. बाहेर बर्फ. मालकाला फोन केले, मेसेज केले, तो बघतो म्हणाला, माणूस पाठवतो म्हणाला, आणि त्यात अकरा दिवस गेले. आजींचा बॉयलर त्याच महिन्यात बिघडला होता, कौन्सिलचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन दुरुस्त करून गेला होता. चौथ्या दिवशी आजींनी भिंतीवर ठोकलं आणि दारात येऊन म्हणाल्या की तिघांनी पाळी लावून या, पाणी भरपूर आहे. मी गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. १९५७ चाच टब, कडेला मुलामा उडालेला. त्यांनी टॉवेल आधीच काढून रेडिएटरवर गरम करत ठेवला होता, आणि जिन्याखालून ओरडून सांगितलं, सावकाश कर, घाई नाही, हवं तर दोनदा कर.